मुंबईची दंडार

समस्त नागरिकांस, आणि विशेषतः मराठी चित्रपटाच्या भवितव्याची ज्यांना काळजी वाटते अशा सर्वांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, हे भवितव्य एका महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीपासून पुढे सुमारे तीन तास, माझ्या एकट्याच्या हातात होते. भवितव्याखेरीज माझ्या हातात त्या वेळी एक पत्र्याचा भोंगा, काखेत बरेचसे नारळ आणि एका बाईने "जरा धरा गुरुजी" म्हणून दिलेली जिवंत कोंबडी होती. मराठी चित्रपट त्यातून वाचला. कसा वाचला ते ऐका, आणि ऐकताना माझी थोडी कीव करा, कारण त्या दिवशी ती कुणीही केली नाही.

तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत आणि गडचिरोली चांद्याचाच एक तालुका होता. मी वैनगंगेकाठच्या एका खेड्यात मास्तर होतो. वय पंचवीस, आणि अंगात उत्साह इतका की आज त्यातला पाव हिस्सा कुणी दिला तरी हात जोडून घेईन. नुकतंच आमचं राज्य बदललं होतं. आम्ही जागचे हललो नव्हतो. मध्य प्रदेशात झोपलो आणि मुंबई राज्यात उठलो, एवढंच. गावात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. बैल तेच, धान तोच, पटवारीही तोच. माझ्या डोक्यात मात्र किडा शिरला. आपण आता मराठी मुलखात आलो, तर आपल्या जत्रांमध्ये मराठी सिनेमा का येत नाही?

त्याआधी प्रशिक्षणासाठी मी नागपूरला राहिलो होतो आणि तिथं एक मराठी चित्रपट पाहिला होता. पाहिला म्हणजे पाच वेळा पाहिला. पडद्यावरची माणसं पाटावर बसून जेवत होती, एकमेकांना टोमणे मारत होती, आणि हे सगळं मराठीत चाललं होतं. त्यांची मराठी आमच्यासारखी नव्हती. ती इस्त्री केलेली होती. तरीही शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडलो होतो. असा माणूस गावी परतला की मंडळ काढतो. मीही काढलं. मराठी चित्रपटाला साहाय्य करणे, हा त्याचा उद्देश. सभासद सात, त्यांतले चार माझेच सहकारी, आणि ते मी मागे लागू नये म्हणून झालेले.

अध्यक्ष कोण हा प्रश्नच नव्हता. गावच्या मालगुजारांची, म्हणजे आमच्याकडच्या जमीनदारांची, मालगुजारी कायद्यानं गेली होती, पण गावातली एकमेव हातांची खुर्ची अजून त्यांच्याकडेच होती. मी त्यांच्या ओसरीवर जाऊन उद्देश समजावून सांगितला.

"सिनेमात काय असते, मास्तर?" त्यांनी विचारलं. त्यांनी जन्मात सिनेमा पाहिला नव्हता.

"माणसं दिसतात, भाऊ. चालतात, बोलतात, भांडतात."

"मंग त्यात काय हाय? हे तं माह्याच ओसरीवर रोज होते."

पण अध्यक्षाची खुर्ची पहिल्या रांगेत मधोमध असते, असं सांगितल्यावर त्यांना उद्देश पटला.

आता तंबूवाल्या शेठची गाठ घ्यायची होती. वैनगंगेकाठी मार्कंड्याला भरणाऱ्या महाशिवरात्रीच्या जत्रेत त्याचा सिनेमाचा तंबू दरवर्षी लागे. नागपूरकडचा जाडजूड माणूस. बोलताना अर्ध्या वाक्यात मराठी संपून हिंदी सुरू व्हायची आणि पुढच्या वाक्यात ती परत यायची. त्याच्या तंबूत घोडे दौडत, तलवारी खणखणत, देव ढगांतून येत, आणि सगळे हिंदीत बोलत. पौषात तो मूल गावाच्या बाजूला तंबू ठोकून होता. तिथं मी सायकलनं तीनदा गेलो. पहिल्यांदा त्यानं मला चहा दिला, दुसऱ्यांदा दिला नाही, आणि तिसऱ्यांदा मला पाहून तो तंबूच्या मागच्या बाजूनं निघून जायला लागला. मी त्याला कनातीपाशी गाठलं.

"मास्तर, तुमची मराठी फिलिम म्हन्जे रडनं," तो म्हणाला. "एका जत्रेत लावली होती. घोडा नाई, लढाई नाई. एक बाई जात्यावर बसून रडते, दुसरी उभी राहून रडते. इंटरवल के बाद तंबूत मी अन् माझा मिस्त्री, दोघंच. अर्धी फिलिम भी नाई पाह्यली लोकायनं."

"ते लोक दुसरे. आमचे लोक बसतात."

"तुमचे लोक?"

"एक खेळ देऊन पाहा."

शेवटी त्यानं हात टेकले, पण सौदा करूनच. सौदा साधा होता आणि तो त्यानं तिघांच्या देखत ठरवला. जत्रेत एक मराठी खेळ होईल. लोक समाप्तीपर्यंत बसले, तर यापुढे दरवर्षी मार्कंड्याला तो एक मराठी चित्रपट आणेल. लोक मधेच उठले, तर मी त्याच्या तंबूच्या आसपास मराठीचं नाव काढायचं नाही, आणि दुसऱ्या कुणी काढलं तर त्यालाही मीच गप्प करायचं. नदीच्या दोन्ही काठांना दुसरा तंबू येत नव्हता. म्हणजे हा खेळ हरला की आमच्याकडे मराठी सिनेमा संपला.

मी कबूल म्हटलं. पंचविसाव्या वर्षी माणूस काहीही कबूल करतो.

मग प्रचार. महिनाभर मी सायकलवरून गावोगाव फिरलो. पारावर माणसं जमत आणि तपासणी सुरू होई.

"घोडे हायत का, गुरुजी?"

"नाहीत."

"राक्षस?"

"नाही."

"देव तरी?"

"देवघर आहे."

"मंग हाय काय त्याच्यात?"

दोन गावांत मी कलेवर बोललो. तिथं लोक बोलणं संपायच्या आत तंबाखू मळत उठून गेले. तिसऱ्या गावात मी थकलो होतो, उन्हानं डोकं दुखत होतं, आणि तोंडातून वाक्य निघून गेलं: "अरे, असं समजा, मुंबईची दंडार आहे!"

पारावरचे सगळे चेहरे उजळले. एकानं तर मला बसायला घोंगडी दिली. पुढच्या सगळ्या गावांत मी तेच वाक्य वापरलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होत घरी आलो. त्या वाक्यानं मी काय करून बसलो होतो, हे कळायचं असेल तर दंडारीबद्दल थोडं सांगायला हवं.

दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतला नाटकाचा खेळ. धान घरात आला की गावोगाव दंडारी रंगतात. त्यात एक रिवाज असतो. बघणाऱ्याला एखाद्या पात्राचं काम आवडलं, त्याच्यासाठी जीव तुटला, की तो जागेवरून उठतो आणि थेट पात्रासमोर जाऊन भेट देतो. लुगडं, नारळ, सुपात तांदूळ, ज्याला जे जमेल ते. भेट आली की खेळ थांबतो. राजा मरत असला तरी थांबतो. पुकारणारा देणाऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि गाव मोठ्यानं पुकारतो, पात्र दोन पावलं पुढे येऊन नमस्कार करतं, आणि मग राजा पुन्हा मरायला लागतो. खेळ संपल्यावर ज्यांनी दिलं त्यांना ते पात्र येऊन भेटतं. पात्राला न भेटता उठून जाणं देणाऱ्याला शोभत नाही, आणि न भेटता जाणं पात्राला शोभत नाही. हे सगळं मला जन्मापासून माहीत होतं. पण सायकलवरून फिरताना आठवलं नाही.

जत्रेचा दुसरा दिवस उजाडला. दर्शन उरकून लोक वाळूत पसरले होते. दुपार कलल्यावर तंबूकडे गाड्या यायला लागल्या. बाया, म्हाताऱ्या, कडेवर पोरं. बऱ्याच बायांच्या हातात सुपं होती आणि त्यांवर फडकी झाकलेली होती. काहींच्या काखेत खण होते. मी मनात म्हटलं, किती भाविक लोक आहेत, परत एकदा देवाला चाललेत. अहो, मास्तर असून मी इतका मठ्ठ होतो!

तंबू भरला. शेठ दारात उभा राहून गर्दी बघत होता आणि त्याचा चेहरा पडत होता, कारण इतके लोक येतील आणि सौदा अंगाशी येईल असं त्याला वाटलं नव्हतं. पडदा तंबूच्या मध्यावर असे. समोरच्या वाळूत लोक बसत आणि मागच्या बाजूलाही बसत. तिकडून सगळं उलटं दिसायचं. प्रोजेक्टर एकच. म्हणून एक रीळ संपलं की मिस्त्री दिवा लावून दुसरं चढवी, आणि तेवढा वेळ लोक विड्या ओढत.

मालगुजार त्यांच्या खुर्चीसकट आले. गाडीतून ती उतरवून पहिल्या रांगेत मधोमध ठेवली. ते तिच्यात बसले आणि त्यांचा फेटा बरोबर प्रोजेक्टरच्या उजेडात आला. पडद्याच्या तळाशी एक काळा टेकडा उभा राहिला.

"याहीचा फेटा काढाले सांगा!" मागून मिस्त्री ओरडला. वाळलेल्या बांबूसारखा माणूस, तोंडात सतत विझलेली विडी.

"इतक्या बायामानसांसमोर उघड्या डोक्यानं बसू का मी?" मालगुजार मागे न बघता म्हणाले. "मी अध्यक्ष आहो."

खुर्ची बाजूला घ्या म्हणावं, तर अध्यक्ष मध्यावरच असतो हे मीच त्यांना सांगितलेलं. टेकडा राहिला. पुढे तीन तास नायिका त्या टेकड्यामागून येत आणि टेकड्यामागे जात राहिली. कुरखेड्याकडच्या जंगलातल्या एका गावाहून एक गोंड म्हातारा आपल्या घरच्यांना घेऊन आला होता. त्यानं मला हळूच विचारलं, "गुरुजी, हा डोंगर तिच्या गावचा का सासरचा?"

चित्रपटाची गोष्ट अशी होती. एक गरीब घरची सून. नवरा दूरगावी नोकरीला. देवघरातली चांदीची मूर्ती दीर चोरतो, आळ सुनेवर येतो, सासू तिला तान्ह्या पोरासकट घराबाहेर काढते. पहिलं रीळ चांगलं गेलं. लोक गप्प होते. आमच्यापेक्षा वेगळी ती मराठीही त्यांनी चालवून घेतली. "बोलते कशी पाय, तहसीलदारीनबाईसारखी," एवढंच कुणी तरी म्हणालं. मी शेठकडे विजयी नजरेनं पाहिलं. शेठनं तोंड फिरवलं.

दुसऱ्या रिळात सून घराबाहेर पडली. उपाशी, अनवाणी, कडेवर पोर. दगडधोंड्यांतून चालली आहे, चालली आहे. तंबूत हुंदके सुरू झाले. आणि बायांच्या बाजूनं एक म्हातारी उठली.

ही म्हातारी आमच्याच गावची. घर नदीत आणि तळ्यात मासे धरणाऱ्यांचं. पंचक्रोशीतल्या दंडारींचा निकाल तीच लावायची. तिनं नाक मुरडलं की नट पुढच्या गावी लवकर जात. तिच्या हातात सूप, सुपात तांदूळ, नारळ आणि हिरवा खण. ती सरळ पडद्याकडे चालत निघाली.

"थांबव रे," ती मिस्त्रीला म्हणाली. "पोरगी उपाशी जाऊन राह्यली, अन् तू चालवूनच राह्यला!"

तिच्या मागून दुसरी उठली. तिसरी उठली. पुरुषांकडचे पाच-सहा जण नारळ घेऊन उठले. मग मला फडक्यांखालच्या सुपांचा अर्थ कळला.

शेठ वाऱ्यासारखा माझ्याजवळ आला. आनंद त्याच्या मिशांत मावत नव्हता. "उठले! मास्तर, उठले! मी काय म्हनलो होतो?"

"जायला नाही उठले, शेठ! द्यायला उठले!"

"उठनं म्हन्जे उठनं."

"ते परत बसणार आहेत!"

"मंग बसवा. आत्ता बसवा. एक भी मानूस बाहेर गेला का सौदा खतम!"

मी पडद्यापाशी धावलो. पडद्यावर सून चालतच होती आणि तिच्या पायांशी म्हातारी सूप धरून उभी होती. "थांबत काऊन नाई हे? दिसत नाई का तिले?" तंबूतून एकच आरडाओरडा उठला: "थांबवा! नाव पुकारा!"

"थांबवलं तं दिव्यानं फिलिम जळते ना!" मिस्त्री तिकडून किंचाळला.

पण शेठला वाटलं की लोक आता तंबूच पाडतील. त्यानं हात केला. मिस्त्रीनं यंत्र थांबवलं. सून एक पाय उचललेला तशीच उभी राहिली. सगळा तंबू समाधानानं सुस्कारला. आणि तिच्या कपाळावर एक तपकिरी ठिपका उमटला. तो पसरत पसरत भोवऱ्याएवढा झाला, मग भाकरीएवढा, आणि मग त्यात सुनेचं कपाळ, डोळे आणि निम्मं पोर गेलं.

"जाळलं!" बाया ओरडल्या. "सासूनं जाळलं तिले!"

दिवा लागला. मिस्त्री शिव्या देत जळलेला तुकडा कापून जोड देऊ लागला. त्या पाच मिनिटांत मी भोंगा तोंडाला लावून भाषण केलं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत वाईट भाषण. मी सांगितलं की बाई सुखरूप आहे. सासूनं काहीही केलेलं नाही, म्हणजे केलं आहे, पण हे नाही. आणि खेळ चालू असताना थांबवता येत नाही. म्हणून कुणी उठायचं नाही. मी स्वतः रांगांतून फिरेन, भेटी घेईन, आणि दर रिळानंतर दिवा लागला की सगळ्यांची नावं पुकारीन.

"अन् नमस्कार कोन करन?" म्हातारीनं विचारलं.

"मी करीन."

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कर मंग. पर पदर घ्या लागते."

बसलेल्यांना हसू फुटलं आणि त्या हसण्यानं लोक पुन्हा खाली बसले. शेठनं कपाळावर हात मारला. मी मात्र त्या क्षणापासून हमाल झालो. अंधारात वाकून रांगांमधून चालायचं, कुणाच्या हातातून नारळ घ्यायचा, कुणाच्या पायावर पाय द्यायचा, शिवी खायची, नाव विचारायचं आणि ते लक्षात ठेवायचं. कोंबडी तिथंच माझ्या काखेत आली. जिनं दिली तिला ती सुनेच्या पोरासाठी द्यायची होती. "रस्सा करून पी म्हना तिले. अंगावर दूध नाई उरलं तिले, दिसत नाई का?" कोंबडी प्रत्येक गाण्याला ओरडली.

दर रिळानंतर दिवा लागला की मी पडद्यापाशी उभा राहून नावं पुकारायचा आणि डोक्यावर उपरणं घेऊन वाकायचा. पहिल्या वेळी लोक खूश झाले. दुसऱ्या वेळी मालगुजार खुर्चीतून म्हणाले, "मास्तर, माहं नाव सगळ्याहीच्या मागून काऊन?"

"भाऊ, तुम्ही अजून काही दिलं नाही."

"मी अध्यक्षपद दिलं ना!"

त्यांचं नाव पुकारलं. मग मालगुजारांचे व्याही म्हणाले की त्यांचंही पुकारा. मिस्त्री म्हणाला की रीळ चढून दहा मिनिटं झाली, आता हा कोणाच्या बारशाचा कार्यक्रम चालला आहे ते सांगा.

त्यात पडद्यामागचे लोक. त्यांना सगळं उलटं दिसत होतं, म्हणून त्यांच्या दृष्टीनं सून डावखुरी होती. भाकरी डाव्या हातानं थापते, पदर उजव्या खांद्यावर. तिसऱ्या रिळानंतर तिकडून निरोप आला की अशा बाईची ओटी भरणार नाही, आधी तिला नीट शिकवा. समोरच्यांनी ओरडून सांगितलं की ती उजव्याच हातानं करते. मागच्यांनी सांगितलं, आम्ही काय आंधळे आहोत का? पडद्याच्या दोन्ही बाजूंनी भांडण जुंपलं. मी मागे जाऊन समजावलं, पुढे येऊन समजावलं. शेवटी मागच्यांतले दोघे खरं काय ते बघायला उठले, आणि दारातून शेठ गरजला, "उठले!"

"बाजू बदलायला उठले, शेठ!" मी रडकुंडीला येऊन म्हणालो. "तंबूतच आहेत!"

असा माझा चित्रपट चालला होता. नागपुरात पाच वेळा पाहिला त्यासारखाच हाही एक सुंदर चित्रपट होता, असं नंतर लोकांनी मला सांगितलं. मी स्वतः त्यातली दोन दृश्यंही धड पाहिली नाहीत.

शेवटच्या रिळाआधी मी त्या गोंड म्हाताऱ्याजवळ पोचलो. त्याच्या हातात पळसाच्या पानांचा द्रोण, त्यात चारोळी. तो द्रोण द्यायला तयार नव्हता.

"तिले भाऊ नाई का?" त्यानं विचारलं.

"गोष्टीत नाही."

"कसा नाई? आमच्या गावची पोरगी अशी चालत निंगाली असती, तं अख्खा गाव तिच्या मागं गेला असता. एवढे लोक इथी बसून राह्यले, एक नाई उठत."

"बाबा, पाया पडतो, तुम्ही उठू नका," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी लाज वाटली. पण तो उठला नाही. चारोळीचा द्रोण मांडीवर ठेवून बसून राहिला.

शेवटी नवरा परत आला. दिराची चोरी उघडी पडली. नवरा आणि सासू सुनेला शोधत देवळाच्या ओट्यापाशी आले आणि सासूनं तिच्यासमोर पदर पसरला. तंबूत कुणी शिंकलंही नाही. टेकड्यामागून सून उठली, पोर नवऱ्याच्या हातात दिलं आणि सासूला वाकून नमस्कार केला. कोंबडीसुद्धा गप्प होती. माझ्या शेजारी कुणी तरी जोरात नाक ओढलं. वळून पाहतो तर शेठ. मला पाहून त्यानं घाईनं मिशा पुसल्या.

पडद्यावर 'समाप्त' आलं. दिवा लागला. मी दोन्ही हात वर केले, म्हणजे एक हात, दुसऱ्यात कोंबडी होती. "शेठ! बसले आहेत! एकूण एक बसले आहेत!"

शेठनं तंबूभर नजर फिरवली. मग म्हणाला, "बसले. ठीक हाय. चला, आता तंबू खाली करा. पुढचा शो हाय माझा."

कुणी हललं नाही.

बाहेर पुढच्या खेळाचे लोक जमले होते. तो हिंदी होता, त्यात घोडे होते, आणि ते लोक कनातीवर थापा मारत होते. शेठनं टाळ्या वाजवल्या. "चला भाऊ, चला बाई, खेळ खतम झाला!"

"झाला तं ते बाहेर काऊन नाई येत?" म्हातारीनं विचारलं.

"कोन?"

"ते. सून. एवढं दिलं आम्ही. भेटाले नाई येत का?"

मी कोंबडी खाली ठेवली आणि शक्य तितक्या शांतपणे समजावलं की बाई इथं नाही, ती मुंबईला आहे, हे तिचं नुसतं चित्र होतं.

"मुंबईले हाय?"

"हो."

म्हातारीनं विचार केला आणि मांडी अधिक पक्की घातली. "मंग येऊ दे. आम्ही बसतो."

आसपासच्या बायांनी माना डोलावल्या. मागच्या बाजूचे लोकही पुढे येऊन बसले. ते आता डावखुरेपणा माफ करायला तयार होते. मी मालगुजारांकडे धावलो. अध्यक्षांनी उठून दाखवलं असतं तर इतर उठले असते. पण मालगुजार खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, पाहुनी आल्याशिवाय अध्यक्षानं उठाचं असते का?"

बाहेरून थापांचा जोर वाढला. कनातीचा एक खुंटा उपटल्याचा आवाज आला. मिस्त्री घोड्यांचं पहिलं रीळ हातात घेऊन नुसता उभा होता. शेठ रांगांमधून फिरून हात जोडायला लागला; ज्याच्यापुढे हात जोडी तो त्यालाच उलटा नमस्कार करी आणि बसून राही. गोंड म्हाताऱ्यानं त्याला चारोळीचा द्रोण दाखवला आणि अगदी समजुतीनं सांगितलं की घाई नाही.

माझ्या आतून त्या वेळी जे वर आलं ते मला आवरलं नाही. महिनाभराची सायकल, ते नारळ, डोक्यावरचं उपरणं, सगळं वर आलं. मी शेठसमोर उभा राहिलो.

"शेठ, सौद्याप्रमाणे हे समाप्तीपर्यंत बसले की नाही?"

"समाप्ती होऊन गेली, मास्तर!"

"त्यांची अजून झाली नाही."

कनात फाटल्याचा आवाज आला. शेठनं डोक्यावरची टोपी काढून वाळूत आपटली आणि सगळ्या तंबूला ऐकू जाईल असा ओरडला:

"आनतो रे बाबा, पुढच्या सालापासून दरवर्षी दोन-दोन मराठी आनतो, पर या लोकायले आता कोनी उठवा!"